कसलेला उद्योजक

‘त्याचं डोकंच धंद्याचं आहे.’ रिसोड तालुक्यातलं रिठद असो की वाशिमची बाजारपेठ, चार पैसे कमावलेल्या माणसाबद्दल हे वाक्य हमखास कानावर येतं. त्याच्याच जोडीला दुसरंही येतं: ‘आपल्या रक्तात धंदा नाही.’ पहिल्यात कौतुक आहे, दुसऱ्यात हार आहे, आणि दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे. उद्योजक जन्मावा लागतो, त्याची छाती मोठी असते, त्याला नशिबाची साथ असते, निदान बापाची गादी तरी असते. सोयाबीन आणि तुरीवर जगणाऱ्या भागात या समजुतीची किंमत फार मोठी आहे. पदवी घेतलेला मुलगा पोलीस भरतीच्या मैदानावर वर्षांमागून वर्षं घालवतो, कारण धंदा हा दुसऱ्या कुणाचा प्रांत आहे असं त्याला लहानपणापासून ऐकवलेलं असतं.

ही समजूत तपासून पाहता येते आणि ती तपासलीही गेली आहे. त्याची सुरुवात मात्र धंद्यातून झाली नाही, बुद्धिबळाच्या पटावर झाली.

अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात हर्बर्ट सायमन नावाचे शास्त्रज्ञ होते. 1978 साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी आणि विल्यम चेस यांनी 1973 साली बुद्धिबळपटूंवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. खऱ्या डावातली सोंगट्यांची मांडणी पाच सेकंद दाखवायची, पट झाकायचा आणि आठवेल तशी मांडायला सांगायचं. नवशिक्याला चार-पाच सोंगट्या आठवायच्या, कसलेला खेळाडू मात्र बराचसा पट बिनचूक उभा करायचा. मग त्याच सोंगट्या कशाही विखरून ठेवल्या, तेव्हा कसलेल्या खेळाडूची सारी आघाडी जवळजवळ नाहीशी झाली. म्हणजे त्याची स्मरणशक्ती दैवी नव्हती. हजारो डाव खेळून त्याच्या डोक्यात मांडण्यांचा साठा झाला होता आणि समोरचा पट तो त्या साठ्यातून ओळखत होता. असं प्रावीण्य कमवायला साधारण दहा वर्षांची मेहनत लागते, असाही या दोघांचा अंदाज होता.

सायमन यांच्याच हाताखाली डॉक्टरेट करणाऱ्या सारस सरस्वती या भारतीय वंशाच्या संशोधिकेनं हाच प्रश्न उद्योजकांना लावला. बुद्धिबळात कसलेला खेळाडू असतो, तसा धंद्यात कसलेला उद्योजक असतो का? असेल तर त्याला असं काय येतं, जे नवशिक्याला येत नाही? 1990च्या दशकात त्यांनी अमेरिकेतले 27 उद्योजक निवडले. दहा वर्षांहून जास्त काळ पूर्णवेळ धंद्यात असलेली, स्वतः कंपन्या उभारलेली आणि किमान एक कंपनी शेअर बाजारात नेलेली ही माणसं होती. त्यांच्या कंपन्या 20 कोटी डॉलरपासून 650 कोटी डॉलरपर्यंतच्या होत्या. प्रत्येकासमोर एकच काल्पनिक वस्तू ठेवली, उद्योजकतेवरचा एक संगणकीय खेळ, आणि तिचा धंदा उभा करताना घ्याव्या लागणाऱ्या निर्णयांचे दहा प्रश्न दिले. अट एवढीच की मनात जे येईल ते मोठ्यानं बोलत राहायचं. ते सगळं ध्वनिमुद्रित करून शब्दशः उतरवलं आणि तपासलं.

जे हाती आलं ते व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकाशी जुळत नव्हतं. पुस्तक सांगतं की बाजाराचा अभ्यास करा, ग्राहक ठरवा, लक्ष्य ठरवा, मग त्यासाठी लागणारं भांडवल आणि माणसं गोळा करा. या 27 जणांपैकी बहुतेकांना बाजाराच्या पाहणी अहवालांवर फारसा विश्वासच नव्हता. पहिला ग्राहक गाठून त्याला विकून बघण्याकडे त्यांचा ओढा होता. लक्ष्याकडून साधनांकडे येण्याऐवजी ते हातातल्या साधनांकडून शक्य त्या लक्ष्याकडे जात होते. मी कोण आहे, मला काय येतं आणि मी कुणाला ओळखतो, या तीन गोष्टींपासून त्यांचा विचार सुरू व्हायचा. पुढे व्यवस्थापन शिकणाऱ्या 37 विद्यार्थ्यांना अशाच प्रकारचे प्रश्न दिले, तेव्हा ते बहुतांशी पुस्तकी वाटेनं गेले. दोन्हींकडची माणसं हुशारच होती. फरक होता तो अनुभवातून बसलेल्या विचाराच्या वळणाचा.

महाराष्ट्राला यातलं काही नवीन वाटायला नको, कारण हे सगळं एका मराठी माणसानं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी करून दाखवलं आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म 1869 सालचा, बेळगाव भागातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचं म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात गेले आणि तिथे कळलं की डोळ्यांना काही रंगांतला फरकच समजत नाही. रंग सोडून त्यांनी यांत्रिक रेखाटन धरलं, त्याच्या बळावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची नोकरी मिळवली, यंत्रांशी दोस्ती केली. मुंबईहून सायकली बेळगावला पाठवायच्या आणि थोरले बंधू रामूअण्णांनी त्या तिथे विकायच्या, असा जोडधंदा नोकरीबरोबर चालू झाला. सायकल ही तेव्हा नवलाईची चीज, म्हणून विकण्याबरोबर चालवायला शिकवण्याचेही पैसे घेतले जात. पुढे बढतीत डावललं गेल्यावर लक्ष्मणरावांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि बेळगावची वाट धरली.

या माणसाच्या डोक्यात त्या दिवशी ‘किर्लोस्कर उद्योगसमूह’ नव्हता. हात यंत्रावर बसलेला होता, एक विश्वासू भाऊ होता, सायकलच्या दुकानामुळे झालेली ओळखपाळख होती आणि आजूबाजूला शेतकरी होते. एवढ्यातून जे निघेल ते करायचं. कडबा हातानं तोडण्यात शेतकऱ्याचा वेळ जातो आणि वैरण वाया जाते हे दिसत होतं, म्हणून कडबा कापायचं यंत्र झालं. त्यानंतर लोखंडी नांगर आला.

नांगराची गोष्ट शाळेच्या पुस्तकात एका ओळीत येते, पण ती सावकाश वाचण्यासारखी आहे. लोखंडामुळे जमिनीला विष चढतं, अशी शेतकऱ्यांची धारणा होती. पहिले नांगर विकायला दोन वर्षं गेली. दोन वर्षं! ज्यानं घर गहाण टाकून शेकडो नांगर ओतून ठेवले असते, तो दुसऱ्या पावसाळ्यापर्यंतही टिकला नसता. लक्ष्मणराव टिकले, कारण अडकलेला माल थोडा होता आणि बाकीचं काम चालू होतं. हरलो तर किती जाईल आणि तेवढं गेलं तर मी उभा राहीन का, हा हिशेब सरस्वतींच्या 27 जणांतही जागोजाग दिसतो. किती मिळेल याचं गणित ते मांडत बसत नाहीत, किती गमावणं परवडेल हे आधी ठरवतात. ‘छातीवाला माणूस’ ही कल्पना इथेच कोसळते. कसलेला उद्योजक जुगारी नसतो. दुरून पाहणाऱ्याला जी उडी दिसते, तिच्याखाली त्यानं जमीन चाचपून ठेवलेली असते.

मग बेळगावात वेगळंच संकट आलं. कारखान्याची जागा नगरपालिकेला शहराच्या वाढीसाठी हवी होती आणि बस्तान उठवणं भाग पडलं. चालता कारखाना उचलून न्यायचा कुठे? औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्याशी बांधकामाच्या कामामुळे लक्ष्मणरावांचा संबंध आलेला होता. बाळासाहेब स्वतः चित्रकार, कलांचे आणि उद्योगाचे भोक्ते. त्यांनी जागा देऊ केली, पैशांचीही मदत केली. 1910 साली कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगानं माजलेल्या आणि सापांनी भरलेल्या माळावर बिऱ्हाडं पडली आणि किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. आज हा भाग सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे. बेळगावच्या दाटीत कधी झाला नसता एवढा पसारा त्या माळावर झाला: ओतशाळा, यंत्रशाळा, कामगारांची घरं, शाळा. हाकललं गेल्यामुळेच गाव वसवायला मिळालं.

त्या वाडीतली माणसं पाहिली की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. शंभूराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर, के. के. कुलकर्णी हे लक्ष्मणरावांचे सुरुवातीचे सोबती. यांत शाळेत नापास झालेलेही होते आणि शिक्षण अर्धवट सोडलेलेही. तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांच्या हाती राखणीचं काम दिलेलं होतं. आधी पदं ठरवून, जाहिरात देऊन, मुलाखती घेऊन ही माणसं जमवलेली नव्हती. जो बरोबर आला त्याला काय येतं ते पाहून काम आकाराला आलं. सरस्वतींनी या वृत्तीला गोधडीची उपमा दिली आहे. नक्षी अगोदर ठरलेली नसते, ज्याच्याकडे जो तुकडा असेल तो घेऊन तो येतो आणि नक्षी शिवता शिवता होते. बाळासाहेबांचा माळ हा असाच एक तुकडा होता.

पुढचा प्रवास वेगानं झाला. पहिल्या महायुद्धात परदेशी नांगरांची आयात आटली आणि देशी नांगराला मागणी चढली. 1920 साली ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक काढलं. कारखान्याची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोचवायला निघालेलं ते पत्रक पुढे मराठीतलं मोठं नियतकालिक झालं, हेही ठरवून कुणी केलं नसतं. 1926 साली पंप तयार होऊ लागले. 1956 साली लक्ष्मणराव वारले, तेव्हा त्यांच्या घराण्याचे कारखाने विजेच्या मोटारी आणि तेलावर चालणारी इंजिनं बनवत होते. कडबा कापायच्या यंत्रापासून विजेच्या मोटारीपर्यंतची ही रेषा आज मागे वळून पाहताना सरळ भासते. चालताना ती सरळ नव्हती.

एकाच घराण्याचं उदाहरण पुरेसं नाही, म्हणून खान्देशात जाऊ. जळगाव जिल्ह्यातल्या वाकोदचे भवरलाल जैन यांनी सरकारी नोकरीची संधी सोडून 1963 साली घरातल्या सात हजार रुपयांच्या पुंजीवर जळगावात रॉकेल विकायला सुरुवात केली. त्यातून शेतकऱ्याला लागणाऱ्या वस्तूंच्या एजन्सी आल्या: खतं, बियाणं, ट्रॅक्टर, पाइप. 1978 साली त्यांनी केळीची भुकटी बनवणारा एक आजारी कारखाना विकत घेतला. केळीच्या भुकटीला गिऱ्हाईक मिळेना. तेव्हा तिथेच कच्च्या पपईच्या चिकापासून पपेन हे पाचक द्रव्य शुद्ध करायला घेतलं आणि ते परदेशात जाऊ लागलं. ठिबक सिंचन, ज्यानं जैन यांच्या कंपनीचं नाव घरोघरी पोचलं, ते त्यानंतर ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात आलं. रॉकेलच्या हातगाडीवरून ठिबकचा अंदाज कुणी बांधला नसता, पण शेतकऱ्याची ओळख ही भवरलालजींची पुंजी पहिल्या दिवसापासून कायम राहिली. त्यांच्या निधनानंतर, 2019च्या सुमारास, याच कंपनीला कर्जाच्या ओझ्यानं घेरलं आणि परदेशातला सिंचनाचा व्यवसाय दुसऱ्या कंपनीत विलीन करून ओझं उतरवावं लागलं. परवडेल तेवढंच पणाला लावायचं हा हिशेब मोठ्या कंपनीलाही रोज नव्यानं मांडावा लागतो.

आणि ज्यांना ‘उद्योजक’ म्हणायला कुणी तयार नव्हतं अशा बायका. 15 मार्च 1959 रोजी मुंबईच्या गिरगावातल्या एका चाळीच्या गच्चीवर सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली आणि भुलेश्वरच्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडे ती गेली. ‘लिज्जत’चा पसारा आज सर्वांना ठाऊक आहे, पण पाहण्यासारखी आहे ती पहिल्या दिवसाची मांडणी. हाताला येत असलेलं काम, डोक्यावरची मोकळी गच्ची, ओळखीचा एक दुकानदार, आणि बुडाले तरी सात घरं बुडणार नाहीत एवढी रक्कम. देणग्या घ्यायच्या नाहीत, तोटा झाला तरी हात पसरायचा नाही, हेही त्यांनी सुरुवातीलाच ठरवलं होतं.

या सगळ्यावर एक रास्त आक्षेप आहे. सरस्वतींनी जिंकलेल्यांनाच विचारलं. याच रीतीनं चालून जे बुडाले, त्यांचं बोलणं कुणी ध्वनिमुद्रित केलं? अभ्यासकांमध्ये या सिद्धान्ताच्या पुराव्यांवर वाद झाले आहेत आणि ते व्हायलाच हवेत. सरस्वतींचं म्हणणं असं की धंद्याचं यश आणि उद्योजकाचं यश या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एक धंदा बसू शकतो. उद्योजक मात्र थोडक्यात बसला आणि पुन्हा उठला, तर पुढच्या खेपेला त्याच्या डोक्यात एक मांडणी जास्त असते. या रीतीनं यशाची हमी मिळत नाही, पडणं स्वस्त होतं. ज्या घरात एका हंगामाच्या नापिकीनं कर्ज चढतं, त्या घरासाठी पडणं स्वस्त होणं ही लहान गोष्ट नव्हे.

आणि म्हणूनच हे रिठदच्या कामाचं आहे. 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झालेला वाशिम जिल्हा 2018 साली नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. योजना इथे कमी नाहीत. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, पण जास्तीत जास्त 10 लाख रुपये अनुदान मिळतं. बाकी रक्कम बँकेचं कर्ज आणि स्वतःचा हिस्सा. अनुदान चांगलंच आहे. पण त्याच्या वाटेवर सर्वांत आधी उभा असतो तो प्रकल्प अहवाल: पाच वर्षांची विक्री, पाच वर्षांचा नफा, यंत्रसामग्रीची यादी. ज्यानं अजून एक किलो डाळ विकलेली नाही, त्याला पाचव्या वर्षीची उलाढाल लिहावी लागते. तो ती दुसऱ्याकडून लिहून घेतो, आणि कर्जाचा आकडा परवडण्यावरून न ठरता अनुदानाच्या कमाल मर्यादेवरून ठरू लागतो. बँकेला कागद लागणारच, त्यात तिचा दोष नाही. पण कसलेले उद्योजक ज्या क्रमानं विचार करतात, त्याच्या नेमका उलटा क्रम नवशिक्याला पहिल्याच दिवशी शिकवला जातो.

तूर घेऊन पाहू. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं लहान उद्योजकांसाठी ‘पीकेव्ही मिनी डाळ मिल’ विकसित केली आणि ती विदर्भातल्या अनेक गावांत चालते. रिठदमधल्या एखाद्या बचत गटानं ती बसवायची ठरवली, तर दोन वाटा आहेत. एका वाटेनं शेकडो क्विंटल तूर विकत घ्यायची, डाळ करायची, पाकिटं छापायची, नाव नोंदवायचं आणि शहरातलं दुकान शोधत फिरायचं. यात यंत्रापेक्षा जास्त पैसा तुरीत अडकतो आणि भाव पडला की गट तिथेच मोडतो. दुसऱ्या वाटेनं तूर शेतकऱ्याचीच ठेवायची, घरच्या खाण्यापुरती आणि सोयऱ्या-धायऱ्यांना पाठवण्यापुरती डाळ भरडून द्यायची आणि मजुरी घ्यायची. चुनी आणि टरफल ढोरांच्या कामाला येतं, त्याचंही गिऱ्हाईक गल्लीतच असतं. मालाच्या भावाची जोखीम गटाच्या डोक्यावर नाही. एक हंगाम भरडाई केली की कुणाच्या तुरीला उतारा चांगला, डाळ कुठे तुटते, किती पाणी-तेल लावून किती उन्हात वाळवायची, कोण रोख देतो आणि कोण उधारीवर ठेवतो, हे सगळं कळतं. मग पुण्यात नोकरीला असलेला गावचाच मुलगा म्हणतो, आमच्या सोसायटीत गावच्या डाळीला पंधरा घरं आहेत. पाकीट तेव्हा छापायचं.

पहिली वाट कायमची चुकीची आहे असं मुळीच नाही. बाजार ओळखीचा झाला, वर्षाची मागणी सांगता येऊ लागली, की अहवाल, अंदाजपत्रक, मोठं कर्ज हे सगळं आपल्या जागी शोभतं आणि लागतंही. सरस्वतींनीही दोन्ही रीती माणसाला याव्यात असंच म्हटलं आहे. प्रश्न आधी काय याचा आहे.

हे शिकवता येतं का? बुद्धिबळ शिकवता येतं, तर हेही येतं, मात्र दोन दिवसांच्या शिबिरात फळ्यावर नाही. जिल्हा उद्योग केंद्राच्या किंवा बचत गटांच्या प्रशिक्षणात पहिल्या दिवशी अर्ज भरून घेण्याऐवजी प्रत्येकीकडून तीन याद्या लिहून घेता येतील: मला काय येतं, माझ्याजवळ काय पडून आहे, माझा शब्द कोण मानतं. मग एक आकडा विचारता येईल, गेला तरी घरात भांडण होणार नाही असा. आणि आठ दिवसांनी परत यायचं ते काहीतरी एकाला विकूनच. तूर या भागात साधारण डिसेंबर-जानेवारीत निघते. त्यामुळे भरडाई करायची असेल त्या गटाला दिवाळीपासूनचे दोन महिने गावात फिरायला मिळतात: यंदा किती घरांनी तूर ठेवली आहे, त्यांतले किती जण डाळ करून घेतील, मजुरी किती देतील आणि चार पायल्या आगाऊ कोण देऊन ठेवतं.